सावकाश चढणारा

कारंजा (घाडगे) येथे संत्र्यांच्या बागांत वाढलेल्या मुलाला बर्फ दिसतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर. बर्फाचा पर्वत, आणि तोही विषुववृत्ताजवळ, ही त्याला थापच वाटावी! परंतु आफ्रिकेतील टांझानिया देशात किलिमांजारो खरोखरच उभा आहे. त्याची उंची ५,८९५ मीटर; म्हणजे आपल्या कळसूबाईच्या सुमारे साडेतीनपट.

हा पर्वत चढण्या-उतरण्यास बहुधा पाच ते आठ दिवस लागतात, आणि परवाना असलेल्या वाटाड्यावाचून कोणालाही वर जाता येत नाही. प्रथम घनदाट अरण्य, मग खुरटी झुडपे, पुढे ओसाड खडकाळ माळ आणि अखेरीस हिम. वाटाड्याच्या मुखी सतत एकच मंत्र असतो : ‘पोले पोले’. स्वाहिली भाषेत याचा अर्थ ‘सावकाश’. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्माच असतो. त्या विरळ हवेची सवय शरीराला हळूहळूच होते. घाई करणाऱ्याचे डोके दुखते, त्याला मळमळते. हट्टाने पुढे गेल्यास प्राणावरही बेतते. अशा वेळी वाटाड्या परत फिरावयास सांगतो. शिखर समोर दिसत असते, पुष्कळ पैसा खर्ची पडलेला असतो; तरीही ते ऐकावेच लागते. चढावयास बळ लागते, परतावयास त्याहून मोठे मन लागते.

१८८९ साली हान्स मायर आणि लुडविग पुर्टशेलर या शिखरावर प्रथम पोहोचले. त्यांची नावे ग्रंथांत राहिली. त्यांचे ओझे वाहणाऱ्यांची नावे मात्र फारच थोड्यांना ठाऊक आहेत. आजही माथ्यावर छायाचित्र निघते ते पाहुण्याचे. त्याचा तंबू आणि शिधा पाठीवर वाहून आणणारा त्या वेळी खाली तळावर त्याच्यासाठी अन्न शिजवीत असतो.