शाळेत सांगितलंय

आमच्या लहानपणी कुठलाही वाद मिटवायला दोन वाक्यं पुरायची. घरी आम्ही म्हणायचो, "शाळेत सांगितलंय." शाळेत गुरुजी म्हणायचे, "घरी कळवीन." पहिल्याने आईचा आवाज खाली यायचा, दुसऱ्याने आमचे पाय लटपटायचे. कणकुंबीत मलप्रभेच्या उगमापाशी वाढलेली आमची अख्खी पिढी या दोन वाक्यांच्या धाकात आणि मायेत मोठी झाली.

पाऊस आठवतोय ना? मिरगाला लागला की गणपती झाले तरी उसंत नाही. डोक्यावर इरलं, इरलं नसेल तर घोंगडीची खोळ, तीही नसेल तर पोत्याची. दप्तर पोटाशी धरलेलं. वरच्या वर्गांसाठी पारवाड, चिखल्याकडची पोरं रानातून चालत यायची. अस्वलाचं भय खरंच होतं, म्हणून पोरांच्या घोळक्यामागे कुणाचा तरी बाप कोयता घेऊन असायचा. आज याची पाळी, उद्या त्याची. पाळी कुणी लिहून ठेवली नव्हती, पण ती चुकलेली कुणाला आठवत नाही.

भिजून पोचलं की वर्गाच्या कोपऱ्यात शेकोटी. ज्याच्या घरी सुकी लाकडं असतील त्याने एखादं आणायचं. धुराने डोळे चुरचुरायचे, सदऱ्यांतून वाफ निघायची आणि त्या वाफेतच पाढे सुरू व्हायचे. अंग सुकल्याशिवाय गुरुजी कुणाला पाटी काढू देत नसत. कुणाला खोकला असला तर दुपारच्या सुट्टीत निरोप जायचा, "पोराला उद्या पाठवू नका, काढा द्या." काढा म्हणजे आलं, गवती चहा, मिरी, गूळ. जंतांना वावडिंग, पोट बिघडलं तर ओवा, सगळ्यालाच एरंडेल. एरंडेलाच्या दिवशी सगळ्या गल्लीची तोंडं सारखीच वाकडी.

सोमवारी नखं. दोन्ही हात पुढे, बोटं पसरून, मग तळवे वर. मग दात, मग केस, मग सदऱ्याची बटणं. बटण तुटलेलं चालायचं, पण त्या जागी दोऱ्याची गाठ तरी हवी. ठिगळाला कुणी हसलं की गुरुजी त्या हसणाऱ्यालाच उभं करायचे. "ठिगळ म्हणजे आईने लावलेला वेळ आहे," एवढंच म्हणायचे. रविवारी रात्री म्हणूनच घराघरात कंदिलाच्या उजेडात फणी फिरायची, नखं निघायची, बटणं लागायची. "शाळेत सांगितलंय" म्हटलं की आज्जीसुद्धा चष्मा शोधायला उठायची.

आणि ते उप्पीट! केअर संस्थेकडून येणारं. पिवळ्या पिठाचं, वर दुधाची पावडर कालवलेलं पांढरं पाणी. चुलीपाशी कुणाच्या ना कुणाच्या आईचा हात असायचा. पाने घरून आणायची, कधी कुड्याची, कधी केळीची. पोत्यावर दोन मिळवलेल्या हातांचं चित्र असायचं. पोतं रिकामं झालं की धुऊन, उसवून, त्याचं दप्तर व्हायचं. तेलाच्या डब्याला कडी लावली की पाण्याचा डबा. ते मिळवलेले हात आमच्या कितीतरी जणांच्या पाठीवर चार-चार वर्षं फिरले. पुस्तकं वरच्या वर्गातल्याकडून अर्ध्या किमतीत यायची, त्यांना 'तरुण भारत'च्या कागदाचं वेष्टण, आणि आम्ही पुढं गेलो की तीच पुस्तकं खालच्या वर्गाला.

देवी टोचणारा आला की अर्धी शाळा काजूच्या बागेत. एकदा गुरुजींनी काय केलं, आधी स्वतःच्या पोराला पुढं घेतलं, त्याची बाही वर सारली आणि दंड धरून उभे राहिले. पोरगं ओरडलं, गुरुजींनी डोळे मिटले, पण हात सोडला नाही. ते बघून आया आपापल्या पोरांना काजूखालून ओढून घेऊन आल्या. भारत देवीमुक्त झाल्याचं १९७७ मध्ये जाहीर झालं. त्यात आमच्या या गुरुजींचाही वाटा आहे, असं मी आजही मानतो. दंडावरची ती खूण बघून आमच्या पिढीचं वय ओळखावं. पुढं १९९५ ला पल्स पोलिओ सुरू झालं तेव्हा बूथ त्याच शाळेत लागला आणि आम्ही आमच्या पोरांना कडेवर घेऊन त्याच पायरीवर रांगेत उभे राहिलो.

गुरुजी घरी यायचे, ही मोठी गोष्ट होती. संध्याकाळी, भात लावून माणसं परतल्यावर. पायरीवर बसायचे, गूळपाणी घ्यायचे. बापाला अक्षर येत नसलं तरी त्याच्या हातात वही द्यायचे. तो वही उलटी धरून बघायचा, मान हलवायचा, आणि दुसऱ्या दिवशी पोराला पहाटे उठवायचा. सातवीच्या परीक्षेला जुनी माणसं मुलकीच म्हणायची. मुलकीच्या वर्षी पोराला गुरांमागे धाडायचं नाही, हा न लिहिलेला कायदा. दिव्याचं रॉकेल आधी त्याला. शिकलेली आमची माणसं बेळगाव, गोवा, पुणे, मुंबईला गेली ती त्या रॉकेलवर.

पण सगळंच चांगलं होतं असं कुणी म्हणू नये. गोवराने आणि हगवणीने गल्लीतली पोरं गेली. पटावर त्यांच्या नावांपुढे रेघ यायची आणि गुरुजी त्या दिवशी हजेरी घाईने उरकायचे. आमच्या वर्गात पहिल्या येणाऱ्या मुली सातवीनंतर दिसेनाशा झाल्या. धाकटं भावंड सांभाळायचं होतं, रोवणी होती, मग लग्न. तेव्हा "शाळेत सांगितलंय" हे वाक्य मुलींच्या बाबतीत घरी चाललं नाही. रानातल्या आमगाव, गवाळी, कृष्णापूरकडून आजारी माणूस अजूनही पावसाळ्यात खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणावा लागतो. पूल आणि रस्ता ही तिथल्या पोरांच्या आरोग्याची पहिली गरज आहे, हे ठामपणे सांगायला हवं.

आता शाळेत दुपारचं गरम जेवण आहे, २०१३ पासून क्षीरभाग्य योजनेचं दूध आहे, आठवड्याची लोहाची निळी गोळी आहे, जंताची गोळी आहे. २०२४ पासून दुधात नाचण्याचं पीठही मिसळून मिळू लागलं. आज्जी सकाळी नाचण्याच्या आंबिलीचा पेला तोंडाशी धरायची, तेव्हा त्यात तांदळापेक्षा कितीतरी जास्त कॅल्शियम आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण तिच्या नातवंडांची हाडं त्यावरच भरली. सरकारने हे दिलं ते फार चांगलं केलं. उणीव दुसरीकडे आहे. पट आटला. ज्यांना जमतं ते पोरांना गाडीत बसवून इंग्रजी शाळेला धाडतात. फी भरली की काम झालं असं घराला वाटतं, जेवण वाढलं की काम झालं असं शाळेला. पोराच्या दप्तरात कुरकुऱ्याचं पाकीट कुणी घातलं, हे दोघांनाही माहीत नसतं. गुरुजी बेळगावहून येऊन-जाऊन करतात, संध्याकाळी पायरीवर बसणार कधी?

तरी शाळेच्या विकास आणि देखरेख समितीच्या, म्हणजे एसडीएमसीच्या, सभेला हल्ली बाया येतात. सातवीतून काढलेल्या त्याच आमच्या वर्गमैत्रिणी, आता आज्जी म्हणून. एक-दोघी तिथंच स्वयंपाक करतात. त्यांच्या लेकी खानापूर-बेळगावला कॉलेज शिकल्या. सभेत पुरुष मंडळी पत्र्याच्या आणि कंपाउंडच्या गोष्टी करत असतात, आणि या मधेच उठून विचारतात, "आमच्या पोरीचं रक्त किती भरलं? आन् गणितात किती पडले?"