गेल्या आठवड्याचे गुण आणि पुढच्या आठवड्याचे काम

परदेशात गेलेल्या मुलांशी फोनवर काय बोलावे, हा प्रश्न आता आपल्याही पुष्कळ घरांत पडू लागला आहे. जेवलास का, थंडी किती आहे, पगार झाला का, एवढे विचारले की बोलणे संपते. माझ्या दादाचा मुलगा शिक्षण आटोपून अमेरिकेत न्यू जर्सीला नोकरीस लागला, तेव्हा आमचेही असेच होत असे. २०२४ च्या पावसाळ्यानंतर मात्र आमच्या बोलण्यात एक विषय असा आला की तो संपता संपेना. त्या विषयाचे नाव फँटसी फुटबॉल.

मी लिपिक आहे. नोकरी सांभाळून वस्तीतील दोन महिला बचत गटांचे हिशेब पाहते. खेळाशी माझा संबंध शाळेतल्या लंगडी-खोखोपुरता. म्हणून भाच्याने मला जसे समजावले, तसेच आधी वाचकांना सांगते.

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचा, फेकायचा आणि झेलायचा असा तो खेळ आहे. त्यांच्या एनएफएल या मोठ्या स्पर्धेत ३२ संघ असतात. सप्टेंबरपासून १८ आठवडे साखळी चालते. प्रत्येक संघाचे १७ सामने आणि एक आठवडा सुटी. आता फँटसी म्हणजे काय, तर दहा-बारा ओळखीची माणसे या खऱ्या खेळाडूंतून आपापला कागदी संघ निवडतात. एकाने घेतलेला खेळाडू दुसऱ्याला घेता येत नाही. त्या खेळाडूने खऱ्या सामन्यात जे केले, त्याचे गुण आपल्याला मिळतात. साधारणपणे चेंडू घेऊन १० यार्ड पुढे गेला की १ गुण, टचडाऊन केले की ६ गुण, आणि पुष्कळ ठिकाणी प्रत्येक झेलाला अर्धा किंवा एक गुण. दर आठवड्याला दोन कागदी संघांची लढत लागते.

ही कल्पना जुनी आहे. ओकलंड रेडर्स या संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख यांनी १९६२ साली न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात सहकाऱ्यांबरोबर बसून हिचे नियम लिहिले आणि १९६३ मध्ये आठ कागदी संघांचे पहिले मंडळ ओकलंडला सुरू झाले. तेव्हा सारे गुण हातानेच मोजावे लागत. आता मोबाइल मोजतो.

भाच्याच्या कार्यालयात १२ जणांचे मंडळ होते. वर्षाची वर्गणी माणशी ५० डॉलर. हे दादाला कळले आणि घरात वादळ उठले. "कर्ज काढून पाठवला, तो काय जुगार खेळायला?" दादाचे चुकीचे नव्हते. शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते अजून चालू होते. मोबाइलवर पैसे लावून खेळायच्या खेळांनी आमच्या वस्तीत दोन घरे कशी हादरली, हे मी जवळून पाहिले आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला, तो उगाच नाही. अमेरिकेत तर वारे उलटे आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये न्यू जर्सीच्याच खटल्यात खेळांवरील पैजांना राज्यांपुरती वाट मोकळी करून दिली.

मी भाच्याला सरळ विचारले, "यातून तुला काय मिळते?" तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आत्या, इथे सोमवारी-मंगळवारी जेवणाच्या सुटीत सगळे फक्त हेच बोलतात. मी वर्षभर नुसता डबा उघडून बसायचो. कोणी वाईट वागत नव्हते, पण माझ्याशी बोलायला कोणाकडे काही नव्हते." हे ऐकून मी दादाची समजूत घातली. अट एकच ठेवली. ५० डॉलर हा वर्षाचा खर्च धरायचा. त्यापुढे एक सेंटही नाही आणि रोजच्या पैजांच्या वाटेला जायचे नाही. त्याने ती पाळली.

आता खरा विषय. बारा जणांचे प्रत्येकी १५ खेळाडू म्हणजे १८० झाले. बाकीचे शेकडो खेळाडू कोणाच्याच यादीत नसतात. हे उरलेले आणि कोणीतरी मध्येच सोडून दिलेले खेळाडू जिथे असतात, त्या यादीला 'वेव्हर वायर' म्हणतात. दर आठवड्याला त्यातून खेळाडू मागता येतो. मात्र एक घेतला की आपल्याकडचा एक सोडावा लागतो. काही मंडळांत गुणतक्त्यात सर्वांत खाली असलेल्याचा हक्क पहिला असतो. तो नियम मला फार आवडला. भाच्याच्या मंडळात दुसरी पद्धत होती. प्रत्येकाला मोसमासाठी १०० काल्पनिक डॉलर दिलेले. मंगळवारी रात्रीपर्यंत गुपचूप बोली लिहायची. पहाटे बोल्या उघडतात, ज्याची जास्त त्याला खेळाडू. बंद लिफाफ्यातल्या निविदा म्हणा ना! त्या तर माझ्या रोजच्या ओळखीच्या.

आठ आठवडे झाले तेव्हा भाच्याचे तीन विजय आणि पाच पराभव होते. साखळी १४ आठवड्यांची, पहिले सहा संघ बाद फेरीत जाणार. म्हणजे सहा लढती उरलेल्या आणि काल्पनिक थैलीत ६१ डॉलर. त्याचे मंगळवारी रात्रीचे नऊ वाजले की आमच्याकडे बुधवारची सकाळ साडेसहाची. मी पाणी भरत होते. तो घाईने म्हणाला, "आत्या, एकाने रविवारी दोन टचडाऊन केलेत. चाळीस डॉलर लावून घेऊन टाकू का? माझा एक रिसीव्हर दोन आठवडे काहीच करीत नाही, त्याला सोडतो."

मी म्हटले, "चेंडू त्याच्याकडे किती वेळा आला?" हिशेब पाहणाऱ्या बाईला दुसरे काय सुचणार? उत्तर आले, दोनदा. दोनदा चेंडू आला, दोन्ही वेळा टचडाऊन झाले. आणि ज्याला हा सोडायला निघाला होता, त्याच्याकडे दोन्ही सामन्यांत आठ-आठ, नऊ-नऊ वेळा चेंडू फेकला गेला होता. झेल हुकले, एकदा टचडाऊन पंचांनी रद्द केले. पण संघाचा विश्वास त्याच्यावर कायम होता.

मोसमाच्या मध्यावर निवड करताना इथेच माणूस फसतो. गुण हे गेल्या आठवड्याचे असतात, आणि आपल्याला घ्यायचे असते पुढच्या आठवड्याचे काम. टचडाऊन नशिबानेही होते. पण प्रशिक्षक एखाद्याला किती डाव मैदानात ठेवतो, किती वेळा त्याच्या हाती चेंडू देतो, हे नशीब नसते. तो निर्णय असतो, आणि तो आठवड्याआड फारसा बदलत नाही.

याची दोन उदाहरणे त्या खेळाच्या इतिहासात फार बोलकी आहेत. १६ नोव्हेंबर २०१४ रोजी न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या जोनास ग्रे नावाच्या जवळजवळ अनोळखी खेळाडूने एका सामन्यात २०१ यार्ड आणि चार टचडाऊन केले. त्याला घ्यायला झुंबड उडाली. त्याच आठवड्यात तो सरावाला उशिरा पोचला आणि पुढच्या सामन्यात त्याला एकही डाव मिळाला नाही. तोवर संघाने दुसरा अनुभवी धावपटूही आणला होता. दुसरे उदाहरण २०२१ चे. डेट्रॉइट लायन्सचा नवखा अमॉन-रा सेंट ब्राऊन पूर्वार्धात कोणाच्या नजरेत नव्हता. डिसेंबरच्या आरंभी संघातले मुख्य खेळाडू जखमी होत गेले, तसा चेंडू त्याच्याकडे वळला. शेवटच्या सहा सामन्यांत एकातही त्याचे झेल आठच्या खाली गेले नाहीत. त्याचे काम आधी वाढले, नाव मागून झाले.

त्या दिवशी आम्ही बचत गटाच्या वहीसारखे चार प्रश्न लिहून काढले. गटात कर्ज देतानाही आम्ही हेच करतो. एखादीने सणात एकदम मोठी कमाई केली म्हणून नव्हे, तर तिचा धंदा रोज चालतो का, हे पाहून रक्कम ठरते.

पहिला प्रश्न, गुण कामातून आले की एखाद्याच लांब उडीतून? दुसरा, काम का मिळाले आणि किती दिवस टिकेल? पुढचा खेळाडू जखमी होऊन 'इंजर्ड रिझर्व्ह' यादीत गेला असेल, तर सध्याच्या नियमाप्रमाणे तो किमान चार सामने परत येत नाही. म्हणजे बदलीवाल्याला तेवढे काम नक्की. नुसता लंगडत बाहेर गेला असेल, तर आठवड्यात परतही येईल. तिसरा, पुढे काय आहे? मोसमाच्या मध्यावर संघांच्या सुट्या सुरू असतात, तेव्हा आपले कोण कोण एकदम बाहेर बसणार, ते आधी मांडून ठेवावे. चौथा प्रश्न लोक सर्वांत कमी विचारतात, तो म्हणजे याच्यासाठी सोडतो कोणाला? जमेची बाजू सगळे बघतात, नावेची कोणी बघत नाही.

बोलीचेही तसेच. मोसम संपला की काल्पनिक डॉलर कवडीमोल, म्हणून साठवून ठेवण्यात अर्थ नाही. पण सारी थैली एका रात्री रिकामी करणेही धोक्याचे. २०१८ साली सी. जे. अँडरसन हा धावपटू त्याच मोसमात दोन संघांनी सोडून दिला होता. मुख्य धावपटूचा गुडघा दुखावल्याने लॉस एंजेलिस रॅम्सने त्याला १८ डिसेंबरला घेतले आणि त्याच रविवारी तो १६७ यार्ड पळाला, पुढच्या सामन्यात १३२. ज्याच्याकडे तेव्हा चार पैसे आणि एक मोकळी जागा होती, त्याचेच फावले.

आम्ही रिसीव्हर सोडला नाही. एका संघाचा मुख्य धावपटू गुडघ्याने चार सामन्यांसाठी बाहेर गेला होता. त्याच्या जागी येणाऱ्यावर २६ डॉलर लावायचे ठरले, कारण तो डावांच्या निम्म्याहून अधिक वेळ मैदानात होता. सोडायचा तो राखीव क्वार्टरबॅक, ज्याला आठ आठवड्यांत एकदाही खेळवले नव्हते. ठरल्यावर भाचा आनंदाने म्हणाला, "आत्या, मला तर लॉटरीच लागली!"

मी म्हटले, "बाळा, एका माणसाचा गुडघा गेला आहे. त्याला लॉटरी म्हणू नकोस." तो गप्प झाला. मलाही पुढे काही बोलवेना. या खेळात रिकामी जागा बहुधा कोणाच्या तरी दुखापतीतूनच होते, आणि तिथल्या खेळाडूंचे बहुतेक करार पूर्ण हमीचे नसतात. दुसऱ्याला संधी मिळते, तो वर्षानुवर्षे बाकावर बसलेला असतो, त्याचे भले व्हावे हेही खरे. दोन्ही खरे आहे. फक्त मोबाइलच्या पडद्यावर एकाच्या नावापुढे लाल अक्षर येते आणि दुसऱ्याचे गुण चढतात, तेव्हा त्या अक्षरामागचा माणूस दिसत नाही.

२ जानेवारी २०२३ रोजी तो सगळ्यांना दिसला. सिनसिनाटीच्या मैदानात बफेलो बिल्सचा डॅमार हॅमलिन टक्कर झाल्यावर कोसळला, त्याचे हृदय थांबले. डॉक्टरांनी मैदानातच उपचार केले. सामना थांबवला आणि पुढे रद्द झाला. तो आठवडा पुष्कळ फँटसी मंडळांच्या अंतिम फेरीचा होता. गुण अर्धवट राहिले. हॅमलिनने मुलांच्या खेळण्यांसाठी २,५०० डॉलरचे लक्ष्य ठेवून एक निधी सुरू केलेला होता. लोकांनी त्यात काही दिवसांत लाखो डॉलर टाकले. तो बरा झाला आणि त्याच वर्षी पुढच्या मोसमात मैदानात परतलाही. हे मी भाच्याला सांगायला गेले, तर त्याला ते ठाऊक होते. म्हणाला, "आमच्या मंडळात अजून त्या रात्रीबद्दल कोणी विनोद करीत नाही."

निकालाचे सांगते. बोली लागली. बदलीवाल्या धावपटूने चार सामन्यांत ११ ते १६ च्या दरम्यान गुण दिले. डोळे दिपवणारे काही नाही, पण दर आठवड्याला हातात. रिसीव्हरही मार्गावर आला. त्या दोन टचडाऊनवाल्याला दुसऱ्या कोणी ४४ डॉलरला घेतले आणि तीन आठवड्यांनी सोडून दिले. भाचा सात विजय, सात पराभव असा सहावा आला आणि बाद फेरीच्या पहिल्याच लढतीत हरला. ५० डॉलर गेले ते गेलेच. पण चौदा आठवडे जेवणाच्या सुटीत त्याच्या टेबलाशी माणसे होती. त्यातल्याच एकाने नाताळात त्याला घरी जेवायला बोलावले. दादाने त्या जेवणाचा फोटो शेजारच्या तीन घरांत दाखवला.

आपली मुले बाहेरगावी, परदेशी जी काही नवी गोष्ट धरतील, ती सगळीच वाईट नसते आणि सगळीच निरुपद्रवीही नसते. पैसा किती, मर्यादा कुठे, हे पालकांनी जरूर विचारावे. पण तिथेच थांबू नये. कोणाला घेतलेस, कोणाला सोडलेस आणि कशावरून ठरवलेस, हेही विचारावे. ज्या मुलाला तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येते, त्याची मला फारशी काळजी वाटत नाही.