सड्यावरचं गवत

2011 च्या मे महिन्यात राजापूर तालुक्यातल्या एका गावात मी बोलायला गेलो होतो. फुकुशिमाच्या दुर्घटनेला दोनच महिने झाले होते. जैतापूरच्या अणुप्रकल्पावरून सगळा परिसर अस्वस्थ होता. लोकांना नीट माहिती मिळावी म्हणून शाळेच्या पडवीत बैठक ठेवली होती. मी कृषी महाविद्यालयात मृदाशास्त्र शिकवणारा, त्यामुळे शेतीवर काय परिणाम होतील हे मी सांगावं, असं ठरलं होतं.

मी तयारीनं गेलो होतो, पण मनातून आधीच निकाल देऊन टाकला होता. माझ्या लेखी समोर बसलेले लोक घाबरलेले होते, आणि अडाणी म्हणून घाबरलेले होते. हे शब्द आज लिहिताना हात अडखळतो. तेव्हा मात्र मी त्याला शास्त्रीय दृष्टी समजत होतो.

भाषण संपल्यावर मागच्या रांगेतली एक म्हातारी उठली. "पावसात आमची गुरां सड्यावर चरतात. उद्या काय वरनं पडला, तर तिथल्या गवताचा काय?"

मी उत्तर दिलं. किरणोत्सारी आयोडीन दर आठ दिवसांनी निम्मं होत जातं. बाकीचं मातीत घट्ट बसतं किंवा पावसानं वाहून जातं. म्हणजे अगदी काही घडलंच, तरी दोन-तीन आठवडे गुरं आत बांधायची, मग गवत पहिल्यासारखं.

ती बसली नाही. तिनं विचारलं, "तुमी आमचा सडा बगितलाव काय?"

मी म्हणालो, "आजी, हे शास्त्र आहे. सडा बघायची गरज नसते."

काही लोक हसले. ती खाली बसली.

हा पूर्वग्रह त्या दिवशी जन्मला नव्हता. चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली 26 एप्रिल 1986 ला. तेव्हा मी मुंबईत शिकत होतो. पुढे आयर्लंडहून मुंबईच्या दूध योजनेसाठी आलेल्या दोनशे टन लोण्यावरून गदारोळ झाला. त्यात चेर्नोबिलचा किरणोत्सार असेल, या भीतीनं काही नागरिक न्यायालयात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. न्यायालयानं तीन तज्ज्ञांची समिती नेमली आणि लोणी खायला सुरक्षित असल्याचा निर्वाळा तिनं दिला. माझ्या आईनं त्या काळात पिशवीचं दूध घेणं बंद केलं होतं, आणि मी तिला रोज ऐकवत होतो. निकाल आल्यावर तर मला चेवच चढला. समिती त्या लोण्याबद्दल बरोबर होती. मी त्यातून भलताच धडा घेतला. लोक घाबरतात आणि तज्ज्ञ बरोबर असतात, हा नियम मी मनात कोरून ठेवला. लोकांनी विचारलं म्हणून तर ते लोणी तपासलं गेलं, ही साधी गोष्ट मला पुढची तीस वर्षं सुचली नाही.

2017 साली मी निवृत्त झालो आणि शेतकऱ्यांसाठी पालाश या खतावर एक छोटं पुस्तक लिहायला घेतलं. पालाश हा माझा आयुष्यभराचा विषय. काही मातींत टाकलेलं पालाश चिकणकणांच्या थरांमध्ये अडकून बसतं आणि पिकाला मिळत नाही. हे मी दर वर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवत असे: वहीच्या पानांसारखे थर आणि त्यांच्या कडांशी सापळ्यात सापडलेले कण. त्यावरचे जुने शोधनिबंध चाळताना एक वेगळाच निबंध हाती लागला. त्यात पालाश होतं, पण मुख्य विषय सिझियमचा होता, आणि जागा होती इंग्लंडच्या वायव्येकडचा कंब्रिया हा डोंगराळ मुलूख.

मी तो सहज वाचायला घेतला. त्या रात्री झोपलो नाही.

चेर्नोबिलचा ढग 1986 च्या मे महिन्याच्या सुरुवातीला ब्रिटनवरून जात असताना कंब्रिया, उत्तर वेल्स आणि स्कॉटलंडच्या डोंगरांवर जोराचा पाऊस झाला. ढगातलं किरणोत्सारी सिझियम त्या पावसाबरोबर खाली आलं. चिंतेचं कारण नाही, असं सरकारनं आधी सांगितलं. मग जूनमध्ये तिथल्या मेंढ्यांच्या विक्रीवर आणि कत्तलीवर बंदी आली. मर्यादा ठरली किलोमागे एक हजार बेकरेल. बंदी किती दिवस? तज्ज्ञ म्हणाले, तीन आठवडे.

तीन आठवडे. हा आकडा वाचला आणि शाळेची ती पडवी डोळ्यांसमोर आली.

तज्ज्ञांचा हिशेब निराधार नव्हता. मेंढीच्या शरीरातून सिझियम काही आठवड्यांत बाहेर पडतं. मातीत पडलेलं सिझियम चिकणकणांत अडकतं, म्हणून नवं गवत स्वच्छ येणार, असं त्यांनी धरलं होतं. पण हे अनुभव सखल भागातल्या चिकणमातीचे होते. डोंगरमाथ्यावरची माती तशी नव्हती. ती आम्लधर्मी होती, कुजलेल्या पाल्यापाचोळ्याची होती, तिच्यात चिकणकण थोडे आणि पालाशही थोडं. अशा मातीत सिझियमला अडकायला जागाच नसते. पालाशच्या भुकेनं गवत त्याचा भाऊबंद असलेलं सिझियम उचलतं, मेंढी गवत खाते, लेंडीतून ते पुन्हा मातीत येतं, आणि पुन्हा गवतात. हे चक्र फिरतच राहिलं.

सुरुवातीला जवळजवळ 9,800 शेतं आणि चाळीस लाखांहून अधिक मेंढ्या या बंदीखाली आल्या. क्षेत्र हळूहळू कमी होत गेलं, पण वेल्स आणि कंब्रियातली शेवटची बंदी उठली 2012 साली. तीन आठवड्यांची सव्वीस वर्षं झाली.

मला सर्वांत जास्त टोचला तो शेतकऱ्यांचा भाग. ब्रायन विन नावाच्या समाजशास्त्रज्ञानं त्या मेंढपाळांशी बोलून त्यांची बाजू लिहून ठेवली आहे. मेंढ्या डोंगरावरून खाली आणून दरीत ठेवा, असा सल्ला त्यांना मिळाला. दरीत एवढं गवत कुठं आहे, असं ते विचारत राहिले. सिझियम धरून ठेवणारी बेंटोनाइट माती टाकून कुंपणात मेंढ्या ठेवायचा एक प्रयोग झाला. डोंगरावर मोकळी फिरणारी मेंढी अशी कोंडली तर खंगते, तुमचे आकडे चुकतील, असं शेतकऱ्यांनी आधीच सांगितलं होतं. कुणी ऐकलं नाही. पुढे त्याच कारणानं तो प्रयोग गुंडाळावा लागला. त्यांच्या मनातल्या संशयालाही इतिहास होता. जवळच विंडस्केलच्या अणुकेंद्राला 1957 च्या ऑक्टोबरमध्ये आग लागली होती. सुमारे पाचशे चौरस किलोमीटर भागातलं दूध तेव्हा काही आठवडे ओतून द्यावं लागलं होतं, आणि आगीबद्दलची बरीच माहिती दडवली गेली होती. एकदा फसवला गेलेला माणूस दुसऱ्यांदा खोदून विचारतो, त्याला अडाणी कसं म्हणायचं?

सिझियम आणि पालाश एकाच कुळातले आहेत, मूलद्रव्यांच्या तक्त्यात एकाच स्तंभात बसतात, हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. पालाश कुठल्या मातीत अडकतं आणि कुठल्या मातीत मोकळं राहतं, यावर माझी हयात गेली. कोकणचा सडा म्हणजे जांभा दगड. त्यावर कुठं चार बोटं माती, कुठं तेवढीही नाही. ती आम्लधर्मी. तिच्यातली चिकणमाती बहुतांशी केओलिनाइटची, म्हणजे पालाश थरांत धरून ठेवण्याची ताकद जवळजवळ नसलेली. वर तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. पावसात खाली भात उभा असतो, म्हणून गुरं वर सड्यावर. त्या म्हातारीनं मला नेमका हाच प्रश्न विचारला होता. सखल जमिनीचं तिनं काहीच विचारलं नव्हतं. तिनं सड्याचं विचारलं होतं. उत्तर माझ्याच धड्यात होतं, आणि मी तिला म्हणालो होतो की सडा बघायची गरज नसते.

मग मी चेर्नोबिलच्या आसपासच्या शेतांबद्दल वाचत गेलो. तिथंही गोष्ट गवत आणि दुधापाशीच येत होती. पहिल्या आठवड्यांत किरणोत्सारी आयोडीन गवतावर पडलं, गायीनं ते खाल्लं, दुधात उतरलं, आणि ते दूध मुलं प्यायली. लहान मुलांची थायरॉइड ग्रंथी आयोडीन झपाट्यानं ओढून घेते. त्यात त्या भागातल्या आहारात आयोडीन मुळातच कमी होतं, म्हणून ती आणखी ओढून घेत होती. बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या बाधित भागांत तेव्हा लहान किंवा किशोरवयीन असलेल्यांमध्ये 2005 पर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाचे सहा हजारांवर रुग्ण नोंदले गेले. त्यातल्या मोठ्या हिश्श्याचं कारण ते दूध होतं, असं संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीनं म्हटलं आहे. उपचारांमुळे बहुतेक जण वाचले. पण हे टाळायला काय लागलं असतं? गावागावांत वेळेवर एवढंच सांगायला हवं होतं, की महिना-दोन महिने मुलांना हे दूध देऊ नका. शेजारच्या पोलंडनं काही दिवसांत एक कोटीहून अधिक मुलांना आयोडीनची मात्रा दिली. जिथं सगळ्यांत जास्त धूळ पडली, तिथं खेड्यांपर्यंत हा निरोप वेळेत गेला नाही.

आयोडीन गेलं तरी सिझियम राहिलं. त्याचं अर्धायुष्य तीस वर्षांचं. मी हे वाचत होतो तेव्हा 1986 चं सिझियम नुकतं कुठं निम्मं झालं होतं. बेलारूसचा जवळजवळ एक चतुर्थांश मुलूख त्यानं बाधित झाला. सामूहिक शेतांवरचं दूध पुष्कळ ठिकाणी लवकर मर्यादेत आलं. ज्यांच्या दारात एकच गाय आणि ती जंगलाकडच्या पाणथळ कुरणात चरायला जायची, त्यांचं दूध मात्र वर्षानुवर्षं मर्यादेबाहेर राहिलं. जंगलातली अळंबी आणि रानफळंही तशीच. म्हणजे ज्याच्याकडे कमी, त्याच्या ताटात सिझियम जास्त. आणि उपाय कोणते केले? आम्ल जमिनीत चुना टाकला आणि पालाशची मात्रा वाढवली, म्हणजे पिकाची भूक पालाशवरच भागेल. गायींना सिझियम धरून ठेवणारा प्रशियन ब्लू नावाचा क्षार चारला. ज्या खतावर मी पुस्तक लिहीत होतो, ते त्या शेतांचं औषध होतं.

याच वाचनात मला दुसरी बाजूही दिसली. जागतिक आरोग्य संघटनेसह अनेक संस्थांनी मिळून 2005 साली काढलेल्या अहवालात मानसिक त्रास हा चेर्नोबिलचा सार्वजनिक आरोग्यावरचा सर्वांत मोठा परिणाम मानला आहे. घर सुटणं, आपण आता कधीच निरोगी होणार नाही असं वाटत राहणं, यानं लाखो माणसं खचली. म्हणून मी आज भीती पसरवायच्या बाजूला गेलो आहे, असं कुणी समजू नये. अणुऊर्जा हवी की नको, यावर माझं मन अजून पूर्ण ठरलेलं नाही. बदललं ते एवढंच: भीती प्रश्नातून वाढते, असं मला वाटायचं. ती उत्तर न मिळाल्यानं वाढते. आणि अर्धवट उत्तर शास्त्राच्या नावावर खपवणारा माणूस ती सर्वांत जास्त वाढवतो. त्या पडवीत तो माणूस मी होतो.

पुढच्या जूनमध्ये, पहिला पाऊस झाल्यावर, मी त्या गावी गेलो. शोधत शोधत तिच्या घरी पोचलो. तिला मी आठवत नव्हतो. मी म्हटलं, "आजी, तुमचा सडा बघायला आलोय."

नातवाला घेऊन ती माझ्याबरोबर वर आली. वाटेत दोनदा बसली. वर नुकतं गवत फुटलं होतं. कुठली गुरं कुठं चरतात, पाणी कुठं साठतं, आधी कुठलं गवत येतं आणि गुरं कुठल्याला तोंड लावत नाहीत, हे ती काठीनं दाखवत होती. मी सात ठिकाणची माती घेतली. खुरपं बहुतेक जागी चार बोटांवर दगडाला लागत होतं.

महिन्याभरानं निकाल घेऊन परत गेलो. माती आम्लधर्मी होती, पालाश कमी होतं. मी तिला सगळं सांगितलं. इंग्लंडच्या मेंढ्यांचं, तीन आठवड्यांचं आणि सव्वीस वर्षांचं. तशी वेळ आलीच तर गुरं सड्यावर न सोडता साठवलेला पेंढा घालावा लागेल, मुलांचं दूध आधी बंद करावं लागेल, आणि सड्यावरचं गवत किती वर्षं खराब राहील हे मोजल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही, हेही सांगितलं. शेवटी त्या बैठकीची आठवण करून दिली आणि माझं तेव्हाचं उत्तर चुकीचं होतं, असं म्हणालो.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग तवा का नाय बोललाव?"

तेव्हा मला माहीत नव्हतं, असं सांगता आलं असतं. ते शब्द तोंडापर्यंत आलेही होते. पण ते खरं नव्हतं. ती माती, ते पालाश, ते थर, सगळं मला माहीत होतं. मी फक्त तिचा प्रश्न ऐकला नव्हता. तेच मी तिला सांगितलं.