जुनी पेटी, नवे पोट

जुन्या वस्तूंच्या बाबतीत माणसांचे मला दोनच पंथ दिसतात. एक फेकणाऱ्यांचा आणि दुसरा जपणाऱ्यांचा. फेकणाऱ्यांच्या घरात सुटसुटीतपणा असतो. पण दोन पिढ्यांपूर्वी त्या घरात कोण राहत होते, याचा मात्र पत्ता लागत नाही. जपणाऱ्यांच्या घरात पूर्वजांचा पत्ता पावलोपावली लागतो. पण पाहुण्याला पाय ठेवायला जागा सापडत नाही. मी जन्माने दुसऱ्या पंथाचा आणि विवाहाने पहिल्या पंथात ओढला गेलेला मनुष्य आहे. म्हणूनच की काय, या दोहोंच्या मधून जाणारी एखादी पाऊलवाट असेल का, याचा शोध मी नेहमी घेत असतो. अशी एक वाट अलीकडे मला सापडली. ती एका जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटातून जाते.

हा अ‍ॅम्प्लिफायर, त्याच्या जोडीचा कॅसेट डेक आणि लाकडी पेट्यांतले दोन स्पीकर आमच्या अण्णांनी १९८४ साली विकत घेतले. हिंगोली त्या वेळी परभणी जिल्ह्यातले एक तालुक्याचे गाव होते. स्वतंत्र जिल्हा व्हायला १ मे १९९९ उजाडावा लागला. तालुक्याच्या गावी, शाळामास्तराच्या पगारात, असला विलास कसा काय परवडला, असे लोक विचारीत. अण्णा उत्तर देत नसत. दोन वर्षे त्यांनी नवी सायकल घेतली नाही आणि आईने नवे लुगडे घेतले नाही, हे उत्तर ज्यांना ठाऊक होते त्यांनी प्रश्न कधी विचारला नाही.

परभणीला आकाशवाणीचे केंद्र १९६८ साली सुरू झाले, आणि अण्णांचा कान त्या केंद्रावर तयार झाला. पुढे डेक आल्यावर रेडिओवरचे गाणे कॅसेटवर उतरवून घेण्याचा त्यांना नादच लागला. भीमसेनांचे अभंग, कुमार गंधर्वांची निर्गुणी भजने, नामदेवांचे नाव ज्यात येईल ते सारे. कारण नामदेवांची नरसी आमच्याच मुलखातली. प्रत्येक कॅसेटच्या आरंभी ते स्वतःच्या आवाजात तारीख, गायकाचे नाव आणि राग सांगत. सावकाश, वर्गात हजेरी घेतल्याप्रमाणे. अण्णा गेले त्याला आता बरीच वर्षे झाली. त्यांची छायाचित्रे घरात चार-पाच आहेत. आवाज मात्र तेवढाच, त्या कॅसेटींच्या आरंभीचा.

एका उन्हाळ्यात रात्री विजेचा दाब एकाएकी चढला आणि अ‍ॅम्प्लिफायर धुराची एक रेघ काढून कायमचा गप्प झाला. ट्रान्सफॉर्मर जळाला होता. त्याच्याबरोबर आवाज वाढविणारे चारही ट्रान्झिस्टर गेले होते, आणि त्या जातीची जोडी बाजारात मिळेना. डेकची कथा निराळी. त्याची मोटर फिरत होती. पण आतल्या रबरी पट्ट्याचा वयोमानाने डांबरासारखा चिकट गोळा झाला होता. घरात त्या दोन पेट्या एकीवर एक अशा कितीतरी वर्षे बसून राहिल्या. त्यांच्यावर आधी टेलिफोन आला, मग फुलदाणी आली, आणि शेवटी लग्नपत्रिकांचा ढीग आला. वस्तू मेली की तिचे टेबल होते, हा संसाराचा नियमच आहे.

माझा मुलगा पुण्यास अभियांत्रिकी शिकतो. सुट्टीत आला असता त्याने पत्रिकांचा ढीग बाजूला केला, खिशातली फूटपट्टी काढून पेट्यांची मापे घेतली आणि म्हणाला, “बाबा, यात आपण कॉम्प्युटर बसवू. टीव्हीला जोडला की चित्रपट, गाणी, छायाचित्रे, सगळे एका ठिकाणी. बाहेरून पेटी आजोबांचीच राहील.” त्याची नजर मुख्यतः डेकवर होती. कॅसेट ठेवायच्या पारदर्शक झडपेमागे रिमोटचा डोळा फार छान बसतो, असे त्याचे म्हणणे. मला ते पटू लागले होते. इतक्यात आई, जी एवढा वेळ शेंगा सोलीत बसली होती, ती मान वर न करता म्हणाली, “अरे बाळा, डेक मेलेला नाही, आजारी आहे. आजारी माणसाचे अंथरूण दुसऱ्याला देत नसतात.”

या एका वाक्याने आमच्या सगळ्या उद्योगाला शास्त्र मिळाले. जे दुरुस्त होऊ शकते ते रिकामे करावयाचे नाही. जे खरोखर गेले आहे त्याचेच पोट नव्याला द्यावयाचे. शिवाय बाहेरच्या पत्र्याला नवे भोक पाडावयाचे नाही, हे एक उपकलम मी जोडले. ज्यांच्या घरी असल्या पेट्या पडून आहेत त्यांनी एवढे दोन नियम पाळले, तर पुढे पस्तावण्याची पाळी सहसा येणार नाही.

तेव्हा प्रथम डेकची शुश्रूषा झाली. गावातल्या एका वृद्ध दुरुस्तीकाराने स्पिरिटने ते डांबर पुसून काढले, मापाचा नवा पट्टा घातला आणि आवाज वाचणारे डोके कापसाच्या बोळ्याने स्वच्छ केले. मग कॅसेटी उघडल्या. काही फितींवर पावसाळी बुरशीचे पांढरे ठिपके होते. त्या वेगळ्या काढून उन्हात नव्हे, सावलीतच सुकविल्या. नंतर डेकचा आवाज तारेने कॉम्प्युटरात घेऊन एकेक कॅसेट उतरविण्याचे काम सुरू झाले. आजच्या मुलांना या कामाची एक गोष्ट फार चमत्कारिक वाटते. ती ही की, याला घाई चालत नाही. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर चालते. १९६३ साली फिलिप्स कंपनीने ती जगापुढे आणली तेव्हाही तेवढीच चालत होती. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांनीच संपणार. एका बोटाच्या स्पर्शाने हजार गाणी इकडून तिकडे नेणारा माझा मुलगा त्या सुट्टीत संध्याकाळी निमूटपणे बसून आजोबांच्या वेगाने गाणे ऐकत होता. मला वाटते, त्या सुट्टीत त्यांची दोघांची खरी ओळख झाली.

मग अ‍ॅम्प्लिफायरचे शवविच्छेदन. वरचा पत्रा काढला आणि आतली भव्यता पाहून आम्ही दोघे थक्क झालो. तीन-चार किलोंचा ट्रान्सफॉर्मर, बोटाएवढे जाड कपॅसिटर, आणि उष्णता बाहेर टाकण्यासाठी अ‍ॅल्युमिनियमच्या पंखांचा एक मोठा ठोकळा. कपॅसिटर वीज साठवून ठेवतात, म्हणून पेटीला हात घालण्याआधी त्यांतली वीज एका रोधातून हळूच काढून टाकावी लागते. हे ज्याला ठाऊक नाही त्याने असल्या पेट्या उघडण्याच्या भरीस पडू नये. ते सारे काढल्यावर जी जागा उरली तीत संसार थाटणे अवघड नव्हते. पेटीची रुंदी त्रेचाळीस सेंटिमीटर, आणि मिनी-आयटीएक्स नावाचा जो लहान मदरबोर्ड मिळतो तो सतरा सेंटिमीटरांचा चौरस. जुन्या कारागिरांनी जणू पुढच्या भाडेकरूच्या मापानेच घर बांधले होते.

त्यांच्या दूरदृष्टीचा प्रत्यय आणखी एका बाबतीत आला. जुना अ‍ॅम्प्लिफायर तापे, म्हणून त्याच्या वरच्या पत्र्याला झरोके होते. कॉम्प्युटरही तापतो, आणि हिंगोलीचा मे महिना चाळिसाच्या वर गेला की फारच तापतो. पण झरोके आयते मिळाले. प्रोसेसरची उष्णता एका तांब्याच्या पट्टीने त्या जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या पंखांकडे नेली, तेव्हा पंख्याची गरज उरली नाही. गाणे ऐकण्याच्या यंत्रात पंख्याची घरघर म्हणजे मैफलीत घोरणारा श्रोता. फिरत्या तबकडीऐवजी निश्चल साठवणीची डिस्क घेतली, तीही याच कारणाने. घरच्या विजेचा दाब पेटीत आणलाच नाही. लॅपटॉपला असतो तसला ठोकळा बाहेर ठेवून आत एकोणीस व्होल्टच घेतले. स्पीकरसाठी तळहाताएवढा एक नवा अ‍ॅम्प्लिफायर बसविला. जुना आपल्या विजेचा मोठा भाग उष्णतेत घालवी. हा नवा क्षणात चालू, क्षणात बंद होत काम करतो, त्यामुळे फारसा तापत नाही.

खरी कसोटी दर्शनी भागाची होती. आवाजाच्या बटणाला अण्णांच्या बोटांनी एके ठिकाणी गुळगुळीत केले होते. त्या बटणामागे आता एन्कोडर नावाचा लहानसा भाग आहे. बटण फिरले की तो कॉम्प्युटरला पावले मोजून सांगतो. दोन काटे, जे गाण्याबरोबर डोलत, तेही पुन्हा डोलू लागले; त्यांना थोडीशी वीज लागते, ती कोणत्या पिढीची आहे याची चौकशी ते करीत नाहीत. वायफायचा अँटेना मात्र पोलादी पेटीच्या आत बसून काही ऐकेना, म्हणून त्याला मागच्या एका जुन्या छिद्रातून बाहेर काढले. तारांची एकूण गर्दी मागल्या बाजूस इतकी झाली की, पाहुणा जर मागून आला तर त्याला तीच पुढची बाजू वाटावी. नामदेवांना औंढ्यास देवळाच्या मागे जाऊन कीर्तन करण्यास सांगितले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी आमच्याकडे कथा आहे. आमची पेटी अजून फिरलेली नाही, एवढेच.

कॉम्प्युटरात जो कार्यक्रम चालतो त्याचे नाव कोडी. तो विनामूल्य मिळतो, आणि त्याचे कूळ मला मोठे समर्पक वाटले. एक्सबॉक्स नावाच्या खेळाच्या यंत्रात चित्रपट दाखविता यावेत म्हणून काही हौशी लोकांनी तो प्रथम रचला. २०१४ साली त्याला सध्याचे नाव मिळाले. म्हणजे दुसऱ्याच्या पेटीत बिऱ्हाड करण्याची सवय त्याला बाळपणापासूनच आहे.

आमचे एक स्नेही आहेत. त्यांनी हे सारे पाहून मान हलविली आणि ते म्हणाले, “अहो, हा पेंढा भरलेला वाघ झाला! कातडे खरे, आत भुसा. यापेक्षा भंगारात घातले असते तर ते प्रामाणिक मरण ठरले असते.” आक्षेप टाकाऊ नव्हता. रात्री अंथरुणावर पडल्यावर मी त्याचा विचार केला, आणि मला औंढा नागनाथाचे देऊळ आठवले. त्या देवळाचा खालचा भाग यादवकालीन. काळ्या दगडात कोरलेले हत्ती, देवता, वेलबुट्टी. वरचे शिखर मात्र पुष्कळ नंतरचे, निराळ्या घडणीचे. ज्यांनी ते बांधले त्यांनी खालचे भग्न दगड फोडून टाकले नाहीत, आणि जसे होते तसे उघडेही ठेवले नाहीत. खाली लहानशा भुयारातल्या गाभाऱ्यात आजही लोक वाकून उतरतात. त्या देवळाला पेंढा भरलेला वाघ कोणी म्हणत नाही, कारण तिथे अजून घंटा वाजते. पूर्णा ते अकोला हा आमचा लोहमार्गही तसाच. तो एक मीटर रुंदीचा होता. २००८ साली रुंद झाला. रूळ बदलले, डबे बदलले. पण वसमत, हिंगोली, वाशीम ही स्थानके त्याच क्रमाने येतात, आणि आपल्या गावी उतरणारा मनुष्य आपल्याच गावी उतरतो.

तेव्हा भेद जुन्या-नव्याचा नसून वाजण्या-न वाजण्याचा आहे. पेंढा भरलेला वाघ डरकाळी फोडीत नाही. ती वस्तू केवळ मालकाच्या पराक्रमाची साक्ष असते. आमची पेटी गाते. तथापि स्नेह्यांच्या बोलण्यातला एक अंश मी मान्य केला पाहिजे. पेटी वाचली म्हणून अण्णांचा अ‍ॅम्प्लिफायर वाचला, असे नाही. त्याचा जो जरा जाड, उबदार आवाज होता तो गेला तो गेलाच. नवा अ‍ॅम्प्लिफायर अधिक स्वच्छ बोलतो, पण तसा बोलत नाही. काय वाचले आणि काय गेले याचा हिशेब चोख ठेवला म्हणजे आठवणीत खोटेपणा शिरत नाही.

सारे जुळून आल्यावर आईला पहिली परीक्षक केले. मुलाने विचारले, “आजी, काय लावू?” ती म्हणाली, “कॉम्प्युटरातले नको, कॅसेट लाव.” डेक अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीवर पूर्वीच्याच जागी होता. झडप मिटली, फीत फिरू लागली आणि स्पीकरमधून अण्णांनी तारीख सांगितली. आईने डोळे मिटले नाहीत की पदर डोळ्यांना लावला नाही. तिने गाणे शेवटपर्यंत ऐकले आणि एवढेच म्हटले, “आवाज थोडा कमी कर, शेजारी झोपले असतील.” अण्णांनाही ती हेच सांगत असे.

हल्ली त्या पेटीवर पत्रिका कोणी ठेवीत नाही. झरोके झाकले जातील म्हणून मुलगा रागावतो. जुन्या वस्तूंना आपण मान देतो तो बहुधा त्यांच्यावर काहीतरी रचून ठेवून. त्यांना जरा श्वास घेता येईल एवढी जागा मोकळी ठेवणे, हा मान अधिक खरा असावा. जपणाऱ्यांनी आणि फेकणाऱ्यांनी, दोघांनीही, याचा एकदा विचार करून पाहावा.