पाळीवरच्या सभासदाचे संकेतस्थळ

१९३९ साली स्थापन झालेली द टेक्स्टाइल असोसिएशन (इंडिया) ही वस्त्रतंत्रज्ञांची व्यावसायिक संस्था, म्हणजे एकाच व्यवसायातील जाणकारांनी ज्ञान व पात्रता जपण्यासाठी उभारलेली संघटना असून, ए.टी.ए.सारख्या तिच्या परीक्षा गिरणीत काम करणाऱ्यांना शिक्षणाची वाट खुली करतात. अशा संस्थेच्या संकेतस्थळाची फेरआखणी पदाधिकाऱ्यांच्या छायाचित्रांपासून नव्हे, तर वापरकर्त्याच्या गरजेपासून सुरू व्हायला हवी. सुरतजवळच्या कडोदऱ्यात, जिथे प्रोसेस हाउसांत कृत्रिम धाग्याचे कापड रंगते, तिथे रात्रपाळी संपवून निघालेला धुळे-नंदुरबारकडचा रंगाई कामगार मोबाइलच्या लहान पडद्यावर परीक्षेचा अर्ज, अभ्यासक्रम आणि शुल्क एवढेच शोधणार. म्हणून माहितीरचना, म्हणजे कोणता मजकूर कुठे आणि कोणत्या नावाखाली ठेवायचा याची आखणी, समित्यांच्या उतरंडीऐवजी या कामांभोवती करावी, आणि मजकूर गुजराती, हिंदी व मराठीतही असावा; भाषेची ही सोय मेहेरबानी नव्हे, सभासदाचा हक्क आहे. वापरचाचणीत, म्हणजे प्रत्यक्ष वापर पाहून दोष हेरण्याच्या पद्धतीत, अशाच कामगाराच्या हाती कच्चा आराखडा देऊन त्याचे बोट कुठे अडखळते ते मधे न बोलता टिपावे, आणि संगणकावर काम सुरू होण्यापूर्वीच दुरुस्ती करावी.