दाराशी टाकलेली बाज

लातूरहून उमरग्याकडे निघालेली एसटी औसा मागे टाकते, लामजना येतं, आणि दोन्ही बाजूंना काळं रान पसरतं. सोयाबीन निघून गेलेलं, तूर कमरेएवढी. मी खिडकीतून माळवदं शोधत होते. दोन-दोन हात रुंद दगडी भिंती, दगडांमध्ये नुसता चिखल, वर लाकडाचं छत आणि त्यावर वर्षानुवर्षं चढवलेला मातीचा थर. उन्हाळ्यात अशा घरात पंखाही लागायचा नाही. किल्लारी येईपर्यंत एक-दोनच दिसली, तीही वापरात नसलेली. माझ्या शेजारच्या आजोबांनी माझी नजर ओळखली. "आता कोण बांधतंय माळवद? बांधलं तरी त्याच्याखाली निजणार कोण?"

मी पहिल्यांदा इकडे आले ती १९९३ साली, इंटर्न म्हणून. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आदल्या रात्री गणपती बोळवून दमलेली गावं गाढ झोपली होती. त्याच्या आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑक्टोबरात, धक्क्यांनी लोकांना घाबरवलं होतं. काही दिवस सगळी बाहेर निजली, मग थंडी आणि सवय यांनी त्यांना परत आत नेलं. सरकारी नोंदीत मृतांचा आकडा ७,९२८ आहे. आमची गाडी पोचली तेव्हा पाऊस लागलेला होता. ओली लाकडं पेटेनात, म्हणून पडलेल्या घरांच्याच तुळया आणि चौकटी सरणाला लावत होते.

तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता: साथ. प्रेतांमुळे साथ येणार म्हणून आम्ही टीसीएल पावडरची पोती ढिगाऱ्यांवर रिकामी केली. पांढरीशुभ्र रांगोळी घातल्यासारखं दिसायचं, बघणाऱ्यालाही धीर यायचा. भिंत अंगावर पडून गेलेल्या माणसाच्या देहातून कॉलरा फुटत नाही, हे मी पुढे शिकले. भीती असते ती जगलेल्यांच्या दाटीची, उघड्यावर बसण्याची, पिण्याच्या पाण्याची. पावडरीची खरी जागा टँकर आणि विहीर. पण विहिरीत टाकलेली पावडर फोटोत दिसत नाही.

धनुर्वाताची इंजेक्शनं, टाके, प्लास्टर यांत दिवस जायचे. पत्र्याच्या शेडमधली एक बाई मात्र रोज रांगेत उभी राहायची. जखम नाही, ताप नाही. "छातीत धडधडतंय, बाई." मी नाडी बघायची, बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या द्यायची आणि पुढच्याला हाक मारायची. पाचव्या दिवशी ती आली नाही. मला बरं वाटलं, हे आजही आठवतं.

आताचं किल्लारी म्हणजे सरळ रस्ते, चौकोन, पुन्हा रस्ते. ५२ गावं अशी नव्या जागी उठवून बसवली. घराचं माप जमिनीवरून ठरलं: भूमिहीन आणि १ हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फूट, ७ हेक्टरपर्यंत ४००, त्याहून मोठ्या खातेदाराला ७५०. जुन्या गावात वाडा आणि झोपडी एकाच बोळात होती, इथं ऐपत नकाशावरच आखलेली. आणि अंतरं! जुन्या गावात भाकरी थापता थापता शेजारणीशी बोलता यायचं. इथं भावकी एका टोकाला, विहीर दुसऱ्या टोकाला. घरं मजबूत आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण बऱ्याच घरांपुढे पत्र्याचा आडोसा उभा आहे, आणि संसार बराचसा त्या आडोशात चालतो. स्लॅबखाली सामान, पत्र्याखाली माणसं.

जुन्या गावठाणात आता बाभळी आहेत. स्मृतिस्तंभापाशी मी थोडा वेळ थांबले. दरवर्षी ३० सप्टेंबरला इथं मानवंदना होते, एरवी शेळ्या चरतात.

संध्याकाळी तेरणेपलीकडे सास्तूरला गेले. तिथं ज्यांच्या ओसरीवर बसले त्या मावशी एके काळी 'संवाद सहायक' होत्या. घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात गावोगावच्या महिला मंडळांतून अशा बाया नेमल्या होत्या. कोपऱ्यांना दगड कसे सांधायचे, हप्ता कधी मिळतो, गवंडी फसवत तर नाही ना, हे त्या घरोघर जाऊन सांगायच्या. कामाचं नाव भिंतीचं, पण दार उघडलं की बायका भिंतीबद्दल बोलायच्याच नाहीत.

"काय बोलायच्या?"

"लेकरांचं. ऑपरेशन झालेलं असायचं, आन् दोन्ही लेकरं ढिगाऱ्यात गेलेली. मग पुन्हा नळी जोडता येती का, म्हणून इचारायच्या. काही जणींनी जोडून घेतली. काही जणींला राहिलं, काही जणींला न्हाई." मावशींनी सुपातले हरभरे पुढे केले. "खावा. तुमी डाक्टर लोक, तुमाला म्हाईतच की."

मला माहीत नव्हतं. आमच्या नोंदवहीत त्या रकान्याला जागाच नव्हती.

२००१ मध्ये कच्छला भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादकडच्या बायका तिकडे गेल्या. मावशीही गेल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा एवढा लांबचा रेल्वे प्रवास, सोबत ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. कच्छी यांना येत नव्हती, मराठी त्यांना येत नव्हती.

"मग बोललात कसं?"

"हिंदी हाय की मोडकी. पैल्यांदा घराचं न्हाई इचारलं आमी. रातीला झोप लागती का, इतकंच. त्या बाईनं माझा हात असा धरला की सोडंचना."

अंधार पडला होता. रस्त्यावरून उसाची ट्रॉली धडधडत गेली आणि मावशींचं बोलणं मध्येच तुटलं. त्यांनी वर टांगलेल्या बल्बकडे पाहिलं. तो हलत नव्हता. मग पुन्हा हरभरे निवडायला लागल्या.

"आणि तुम्हाला लागते झोप?" मी विचारलं.

"लागती की." त्यांनी मानेनं दाराकडे दाखवलं. उंबऱ्याच्या बाहेर, पायऱ्यांकडे पायथा करून, बाज टाकलेली होती. "पण हितंच."