चौकातला सूर्योदय

निसर्गाशी तादात्म्य पावणारा कलावंत खेड्यातला, निदान नगरापासून दूर राहिलेला असावा, असा एक संकेत आपल्या रसिकतेत नकळत रुजलेला आहे. आम्ही दोघे महाविद्यालयात मराठी शिकवतो. बालकवींची कविता शिकवताना हा संकेत विद्यार्थ्यांच्या तोंडून प्रश्न होऊन येतो : इमारतींच्या फटींतून आभाळ पाहणाऱ्याने निसर्गाविषयी लिहिले, तर तो निसर्ग उसनाच ठरणार नाही का? या प्रश्नाचा विचार करताना डेव्हिड हॉकनी या इंग्रज चित्रकाराची वाटचाल आम्हांला फार मोलाची वाटत आली आहे.

हॉकनीचा जन्म १९३७ सालचा, ब्रॅडफर्ड या कापडगिरण्यांच्या शहरातला. १९६४ मध्ये तो लॉस एंजेलिसला गेला आणि तेथील पोहण्याचे तलाव, सपाट भिंती, काचेची घरे रंगवून प्रसिद्धीस आला. 'अ बिगर स्प्लॅश' (१९६७) या चित्रात कुणीतरी नुकताच पाण्यात सूर मारला आहे. माणूस दिसत नाही, उसळलेले पाणी तेवढे दिसते. क्षणार्धात विरणारे ते तुषार रंगवायला त्याला सुमारे दोन आठवडे लागले. या नागर, विलासी वाटणाऱ्या चित्रातच त्याच्या पुढील निसर्गचित्रांचे बीज आहे. क्षण आणि तो पाहण्यासाठी खर्ची घातलेला काळ यांतील ताण, हाच हॉकनीचा खरा विषय होय.

साठी उलटल्यावर तो यॉर्कशरला परतला आणि उघड्यावर उभा राहून झाडे रंगवू लागला. 'बिगर ट्रीज नियर वॉर्टर' (२००७) हे चित्र ५० कॅनव्हास जोडून सिद्ध झाले आहे. त्याची लांबी सुमारे १२ मीटर. एवढा कॅनव्हास झाडासमोर उभा करणे शक्य नव्हते, म्हणून तो तुकड्यातुकड्यांनी रंगवत गेला, आणि समग्र चित्र कसे दिसते हे संगणकावर जुळवून पाहत राहिला. २०१० च्या सुमारास त्याने गाडीवर नऊ कॅमेरे बसवून वोल्डगेटच्या रानातली एकच वाट चारही ऋतूंत टिपली. निसर्गाकडे जाताना नगराची अवजारे त्याने टाकून दिली नाहीत, हे येथे लक्षात घ्यायला हवे.

पुढे तो आयपॅडवर चित्रे काढू लागला. या साधनावर प्रत्येक रेघ कोणत्या क्रमाने उमटली याची नोंद राहते आणि चित्र घडताना पुन्हा पाहता येते. २०२१ च्या मे महिन्यात लंडनच्या पिकॅडिली सर्कसमधील जाहिरातींच्या भव्य पडद्यावर रोज रात्री ८ वाजून २१ मिनिटांनी त्याने रेखाटलेला हलता सूर्योदय दाखवला गेला. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, टोकिओ आणि सोल येथेही तो झळकला. अवघी अडीच मिनिटे. क्षितिजाआडून सूर्य वर येतो, किरणांच्या रेघा पसरत जातात आणि पडदा पिवळ्या रंगाने भरून जातो. लंडनचा खरा सूर्य मे महिन्यात साधारण त्याच सुमारास मावळतो. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये तर हा सूर्य मध्यरात्रीच्या तोंडावर उगवत होता.

जाहिरातीच्या पडद्यावरचा सूर्य हीही एक जाहिरातच नव्हे काय, अशी शंका कुणी घेईल. ती अगदीच अनाठायी नाही. हॉकनीच्या नॉर्मंडीतील वसंतचित्रांचे प्रदर्शन त्याच महिन्यात लंडनच्या रॉयल अकॅडमीत खुले झाले. शिवाय चित्राच्या अखेरीस त्याचे शीर्षक अक्षरांत उमटते. सूर्याकडे किंवा मृत्यूकडे फार वेळ पाहता येत नाही, हे स्मरणात असू द्या, असा त्याचा आशय. मूळ कल्पना ला रोशफुको या १७ व्या शतकातील फ्रेंच लेखकाची. प्रतिमेने सुचवायचे ते शब्दांनी सांगून टाकणे हा दोष कवितेत आम्ही नेहमी दाखवतो; तो येथेही आहेच. तरीही जाहिरात आणि हे चित्र यांत एक मूलभूत भेद उरतो. जाहिरात ओझरत्या नजरेवर जगते. येथे मात्र एकामागून एक रेघ उमटताना पाहावी लागते, आणि त्या रेघांमागे माणसाचा हात जाणवतो.

आम्ही हा सूर्योदय चौकात उभे राहून नव्हे, घरच्या संगणकावर पाहिला. त्याच काळात महाराष्ट्रात करोनाची दुसरी लाट होती. लांबलेल्या शैक्षणिक वर्षातले आमचे वर्ग पडद्यावर भरत होते. समोर केवळ नावे लिहिलेले काळे चौकोन. एका विद्यार्थिनीचे वडील गेले. काही दिवसांनी तिचा चौकोन पुन्हा दिसू लागला, तेव्हा नेमकी बालकवींची कविता शिकवायची होती. पुढे ढकलू या का, असे आम्ही विचारले. "नको मॅडम, आजच घ्या," ती म्हणाली. १९१८ मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी, रेल्वेखाली सापडून गेलेल्या या आनंदाच्या कवीमागे औदासीन्याची दाट छाया आहे, हे एरवी पुष्कळ विवेचन करून पटवावे लागते. त्या दिवशी फारसे बोलावे लागले नाही.

निसर्ग कुणाच्या अंगणात आहे, यावर त्याचे उसनेपण ठरत नाही; त्याला आपण किती काळ दिला, यावर ते ठरते. म्हणून आता निसर्गकविता सुरू करण्यापूर्वी आम्ही प्रत्येकाला येण्याजाण्याच्या वाटेवरचे एक झाड निवडून सत्रभर त्याच्या नोंदी ठेवायला सांगतो. एकाने बसथांब्यामागचे बदामाचे झाड निवडले. गळण्यापूर्वी त्याची पाने लाल होतात, असे त्याने लिहिले आणि खाली एक ओळ जोडली : या थांब्यावर मी तीन वर्षे उभा राहत आलो आहे.